न फाडलेला कागद

"शुभं करोति म्हणा, आजोबा," मॅडम म्हणाल्या.

मी म्हटले नाही.

खोलीत आम्ही चार रुग्ण होतो. चौघांच्याही मेंदूचा रक्तपुरवठा केव्हातरी तुटलेला, चौघांचीही वाचा कमीअधिक गेलेली. प्रत्येकाच्या शेजारी घरचे एक माणूस. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी हा वर्ग भरे. वर्ग हाच शब्द तिथे वापरत. भिंतीवर फळांची चित्रे होती. सुरुवातीला नावे पुकारली जात, आडनावांसह.

मॅडम वाचा-उपचारतज्ज्ञ. वय सत्तावीस-अठ्ठावीस, शिक्षण पुण्यात. त्यांची पद्धत अशी, की ज्याला स्वतःचे वाक्य जुळवता येत नाही त्यालाही लहानपणी पाठ झालेले काही आपोआप म्हणता येते. अंक, वार, प्रार्थना. तिथून सुरुवात करायची. बाकीच्या तिघांनी खरोखरच म्हटले. एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना पत्नीचे नाव घेता येत नव्हते, पण त्यांनी दोन ओळी न अडखळता म्हटल्या. पत्नीने डोळे पुसले.

मग माझी पाळी.

मॅडमनी पहिला शब्द स्वतः उच्चारला आणि माझ्या तोंडाकडे पाहिले. मी पाहत राहिलो. त्यांनी तो मोठ्याने उच्चारला. मग आणखी मोठ्याने, तोडून तोडून, बहिऱ्याशी बोलावे तसा.

"हे तर सगळ्यांनाच पाठ असतं, आजोबा. आठवा बघू. दिवा लावताना आई काय म्हणायची?"

माझी आई दिवा लावताना म्हणायची, काडी एकच हाय. हे मला सांगता आले नाही.

बँकवाल्यांच्या पत्नी मदतीला आल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दया होती.

"राहू दे मॅडम. त्यांच्यात नसतंय हे."

त्यांच्यात.

कोणी हसले नाही. एका रुग्णाचा मुलगा मोबाइलमध्ये पाहू लागला. माझी मुलगी सुजाता माझा उजवा हात धरून बसली होती. त्या हाताला स्पर्श कळत नाही. तिची बोटे पांढरी झालेली मी डोळ्यांनी पाहिली. मॅडमनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिले.

त्यानंतर त्यांनी सूचना दिल्या. डोळे मिटा. डावा हात वर करा. खिडकीकडे बोट दाखवा. मला प्रत्येक शब्द समजत होता. मी एकही गोष्ट केली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. यातच माझा मान आहे, असे मला वाटले.

ती माझी चूक होती.

मी बत्तीस वर्षे न्यायालयात काम केले. न्यायासनाच्या खालच्या टेबलाशी बसणारा कारकून. साक्षीदार पिंजऱ्यात आला की त्याला शपथ देणे, कागद क्रमाने लावणे, पुढची तारीख लिहिणे. मी बोलत असे ती भाषा माझ्या घरची नव्हती. ती मी कमावली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठाने भर कचेरीत तोंड वाकडे करून माझे 'हाय' आणि 'न्हाय' सर्वांना म्हणून दाखवले. मी काही बोललो नाही. घरी जाऊन ते दोन्ही शब्द टाकून दिले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कचेरीत माझ्या तोंडून ते कोणी ऐकले नाहीत.

झटका आल्यानंतर तीन आठवड्यांनी पहिला शब्द परत आला. तो 'न्हाय' होता. कमावलेले आधी गेले. आईचे उरले.

हे लिखाण सुजाताने उतरवून घेतले आहे. ती शब्द सुचवते, मी निवडतो. ज्या शब्दाला मी मान डोलावली नाही तो येथे नाही. एका पानाला कधीकधी आठवडा लागतो.

ती प्रार्थना मला का येत नाही, हेही नोंदवतो. शाळेत सकाळी प्रार्थना आणि श्लोक होत. आमच्या वस्तीतली आम्ही तीन मुले त्या वेळी मागचा व्हरांडा झाडत असू. गुरुजींनी तसे लावून दिले होते. झाडून संपेपर्यंत प्रार्थना संपे. शब्द भिंतीपलीकडून येत आणि खराट्याच्या आवाजात मोडत. घरी त्या आधीच वडिलांनी दीक्षा घेतली होती आणि देव नदीत सोडले होते, त्यामुळे ती घरीही नव्हती. मला तिचे दुःख कधी वाटले नाही. पण जे आम्हाला शिकू दिले नाही, ते न येणे हा साठ-पासष्ट वर्षांनी माझ्या मेंदूचा दोष म्हणून लिहिला गेला.

हा अपमान माझ्यापुरता राहिला असता तर मी गिळला असता. मला सवय होती. तो माझ्यापुरता राहिला नाही.

आमचे गाव उचगावच्या पुढे. नाव लिहीत नाही. आमच्या वस्तीपासून ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत जुनी वाट होती. एका बागायतदाराने तिच्यावर तारेचे कुंपण घातले आणि ऊस लावला. त्याचे म्हणणे, येथे वाट कधी नव्हतीच. गेली काही वर्षे आमची प्रेते डांबरी रस्त्याने लांबून फिरवून न्यावी लागतात. वस्तीने दावा लावला. ती वाट पन्नास-साठ वर्षांपूर्वीही वापरात होती हे स्वतः पाहिलेला आणि न्यायालयात उभे राहून सांगू शकेल असा म्हातारा वस्तीत एकच उरला होता. माझ्या साक्षीच्या तारखेआधी नऊ दिवस मला झटका आला.

आमच्या वकिलांनी मुदत मागितली. आजारपणाचा पुरावा म्हणून रुग्णालयातून मिळाला तो कागद अर्जाला जोडला. तो वर्गातल्या त्या प्रार्थनेच्याच दिवशीचा होता. इंग्रजीत होता, आमच्यापैकी कोणी नीट वाचला नाही. समोरच्या वकिलांनी वाचला. पाठ असलेले बोलणे नाही. साध्या सूचनांचे आकलन नाही. त्यांनी अर्ज दिला, की या साक्षीदाराला विचारलेले कळत नाही, त्याचे नाव वगळावे. न्यायाधीशांनी रुग्णालयाचा नवा अभिप्राय मागवला आणि तारीख दिली.

सुजाताने तो कागद मला मराठीत करून वाचून दाखवला. दोनदा. मी भिंतीकडे तोंड केले.

बत्तीस वर्षे मी हे रोज पाहिले होते. साक्षीदार संतापाने गप्प बसला तर 'उत्तर दिले नाही' एवढेच टंकले जाते. संताप टंकला जात नाही. व्हरांड्यात मी गप्प होतो, कचेरीत गप्प होतो, त्या वर्गात गप्प होतो. त्याला मी ताठपणा म्हणत आलो. माझ्या गप्प बसण्याचा उपयोग प्रत्येक वेळी कोणाला झाला, हे मी आयुष्यात प्रथमच तपासले. मला एकदाही झाला नव्हता.

त्या संध्याकाळी दगडू आला. माझा धाकटा चुलतभाऊ, दाव्यातला वादी. रिक्षा चालवतो. तो माझ्या खाटेवर बसला आणि त्याने सगळे ऐकून घेतले.

"आप्पा, तुला बोलाय कोण सांगतंय? वाट काय तोंडानं दावत्यात व्हय? बोट हाय की."

मी हात हलवला. तो थांबणाऱ्यातला नाही.

"न्हाईतर असं कर. तू लवकर मर. तुलाच न्हेतो त्या उसातनं. बघू कोण आडवा येतोय."

सुजाता त्याच्यावर चिडली. मला झटक्यानंतर पहिल्यांदा हसू आले. तोंडाच्या एकाच बाजूने आले.

तो गेल्यावर मी सुजाताला व्हरांड्याची गोष्ट सांगितली. ती तिला मी कधी सांगितली नव्हती. तिने विचारायचे, मी व्हय किंवा न्हाय म्हणायचे, खराट्याची खूण हाताने करायची. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा तिला सबंध कळली. ती ताट वाढायला उठली.

मंगळवारी मॅडमनी पुन्हा प्रार्थनेने सुरुवात केली. माझ्यापाशी आल्या. मी डावा हात वर केला, पंजा उघडा.

"न्हाय."

मी सुजाताकडे पाहिले. ती उभी राहिली.

"मॅडम, हे यांना कुणी शिकवलंच नाही. शाळेत हे चालू असताना आप्पा व्हरांडा झाडत होते. जे कधी नव्हतंच, ते गेलं असं तुम्ही कसं लिहिलंत?"

मॅडमचा चेहरा उतरला. बँकवाल्यांच्या पत्नी पदर सारखा करू लागल्या आणि म्हणाल्या की त्यांचा तसा काही हेतू नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. घडले ते नोंदवायचे, हेतू नोंदवायचे नाहीत, एवढेच मला माहीत होते.

मॅडमनी विचारले, मग यांना काय पाठ आहे? सुजाताने पहिला शब्द उच्चारला. सत्यप्रतिज्ञेवर. आणि ते आले. सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की जे सांगेन ते खरे सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. सबंध, शुद्ध, माझ्या जुन्या आवाजात. संपल्यावर मी पुढचा शब्द शोधला. पुढे काहीच नव्हते. आवाज परत गेला.

मॅडम प्रामाणिक होत्या. त्या म्हणाल्या, याने तुम्हाला समजतं हे सिद्ध होत नाही. हेही पाठच आहे. ते बरोबर होते. मी त्यांच्या कागदावरच्या सूचनांकडे बोट केले. तपासा. त्यांनी तपासले. मी डोळे मिटले, हात वर केला, खिडकी दाखवली. मग त्यांनी दोन कामे एका वाक्यात सांगितली, मग तीन. लांब वाक्यात मी एकदा चुकलो. ती चूक त्यांनी लिहिली. मी लिहू दिली.

शेवटी त्यांनी जुना कागद फाइलमधून काढला आणि दोन्ही हातांत धरला.

"चूक झाली माझी, आजोबा. हा फाडते. नवीन लिहून देते."

त्यांना खरोखर वाईट वाटले होते. तरीही मी पुढे झुकून त्या कागदावर हात ठेवला. न्यायालयाच्या कागदावर चुकीचा शब्द पुसत नाहीत. त्याच्यावर एकच रेघ मारतात, खालचा शब्द वाचता येईल अशी, आणि बाजूला सही करतात. आधी काय लिहिले होते आणि ते कोणी बदलले, हे पुढच्या माणसाला दिसले पाहिजे. कागद फाडला की त्या दिवशी त्या खोलीत काही घडलेच नव्हते, असे होते.

"फाडू," मी म्हणालो. बराच वेळ गेला. "न्हाय. रेघ. सही."

मॅडम म्हणाल्या, रुग्णालयात अशी रीत नाही, वरिष्ठांना विचारावे लागेल. वर्गाची वेळ संपली. बाकीचे गेले. मी कागदावर हात ठेवून बसून राहिलो. वरिष्ठ डॉक्टर आले आणि माझ्या डोक्यावरून सुजाताशी बोलू लागले.

"यांना नेमकं काय पाहिजे?"

मी टेबलावर थाप मारली. त्यांना माझ्याकडे पाहावे लागले.

"रेघ," मी म्हणालो.

रेघ मारली गेली. मॅडमनी सही केली, तारीख घातली. आणि मी सांगितले नसताना बाजूला कारण लिहिले: रुग्णाला ही प्रार्थना शिकवली गेली नव्हती, सूचनांची तपासणी पुन्हा केली असता आकलन आढळले. दोन्ही कागद न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी दोन्ही वाचले. समोरचा अर्ज फेटाळला.

ज्याला बोलता येत नाही त्याला खुणांनी, भर न्यायालयात, साक्ष देता येते. कायद्यात तसे आहे. माझ्या खुणांचा अर्थ सांगायला मॅडम स्वतः आल्या. त्यांना शपथ देणारा कारकून माझ्यानंतर त्या टेबलाशी बसलेला तिसरा. मी पिंजऱ्यात उभा राहिलो. त्या जागेवरून ते टेबल फार खाली दिसते, हे मला माहीत नव्हते. नकाशावर मी डाव्या हाताने वाट दाखवली. ओढा दाखवला. कुंपण कुठे आले ते दाखवले.

मग उलटतपासणी. समोरचे वकील मोठ्या आवाजात, तोडून तोडून बोलले.

"आजोबा, आज वार कोणता?"

गुरुवार होता. मला माहीत होते. तोंडातून 'मंगळवार' निघाले. मी मान जोरात हलवली, हाताने खोडल्याची खूण केली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा 'मंगळवार' आले. वकील न्यायाधीशांकडे पाहून हसले. मागच्या बाकावर दगडूने मान खाली घातली. मॅडमनी सांगितले की यांना चूक कळली आहे. ते नोंदवले गेले. 'मंगळवार' हेही नोंदवले गेले. वेळ संपली. उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला.

निकाल काय लागेल हे मला माहीत नाही. तो वार माझ्या साक्षीवर राहणार, आणि मी त्यावर रेघ मागणार नाही. तो माझ्याच तोंडचा आहे.

पुढच्या तारखेसाठी मी एक वाक्य तयार करीत आहे. रोज सकाळी, तासभर. बापाला ह्या वाटंनं न्हेला. वाक्य प्रमाण मराठीत बसवून देऊ का, असे मॅडमनी विचारले. मी नको म्हटले. चार शब्दांना चार श्वास लागतात. दुसऱ्या शब्दानंतर जीभ अडते आणि लाळ सुटते; ती पुसायला हात न्यावा लागतो. तेवढ्यात वकील पुढचा प्रश्न टाकतील. त्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही; आधीचे वाक्य पुरे करीन. त्यांनी मध्येच तोडले तर पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू करीन. न्यायालयाची वेळ संपली तर त्याच्या पुढची तारीख घेईन. चौथा शब्द टंकला गेल्याशिवाय मी पिंजऱ्यातून उतरणार नाही.