सायकल स्टँडजवळचा डबा

गरम टॉवेल मी सोया सॉसमध्ये बुडवला.

कबूलच करून टाकतो. बांबूच्या तबकात पांढरीशुभ्र गुंडाळी होती. वाफा निघत होत्या. पोरीनं मोबाइलवर सुशीचे फोटो दाखवले होते, त्यात अशाच गुंडाळ्या. म्हटलं, आली. सगळ्यांच्या आधी सुरुवात केली तर आपल्याला यातलं कळतं असं दिसेल. दोन काड्यांत कशीबशी धरली, काळ्या सॉसमध्ये बुचकळली, तोंडापर्यंत नेली. शेजारच्या बाळूभाऊनं मनगट धरलं.

"आरं भावा, ह्ये फडकं हाय. हात पुसायचं."

टेबल हसलं. मीही हसलो. बायकोनं कपाळाला हात लावला. इथपर्यंत सगळं ठीक. चूक माझी, हसू सगळ्यांचं.

मग साहेब म्हणाले, "अहो, राहू द्या. यांच्यात सगळंच चालतं."

हसू थांबलं नाही. उलट जरा वाढलं. माझं मात्र तोंडावर तसंच चिकटून राहिलं. काढता येईना.

चाकणच्या एका कंपनीत मी प्रेस शॉपचा सुपरवायझर. यंदा कामातल्या सुधारणांच्या स्पर्धेत आमची टीम पहिली आली. कल्पना माझी होती. हे मी सांगत नाही, बाळूभाऊ सांगतो. बक्षीस म्हणून शनिवारी दुपारी बायकांसह जेवण, चिंचवडला एका जपानी हॉटेलात. जपानहून एक पाहुणे इंजिनीअर आले होते, म्हणून जपानी. आमच्यातल्या कुणी सुशी मागितली नव्हती. आम्हाला मटण चाललं असतं.

आदल्या दिवशी पोरीनं त्या हॉटेलचे रिव्ह्यू मोठ्यानं वाचून दाखवले. एकाला तिथं स्वर्ग भेटला होता, पाच तारे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, भात गार, मासा कच्चा, वाढणाऱ्यांची डोकी तेवढी गरमागरम. एक तारा. तिसरी बाई म्हणत होती, अप्रतिम अनुभव, घरी येऊन वरणभात खाल्ला.

बायको म्हणाली, "म्हणजे निघताना दोन घास खाऊनच निघायचं."

आम्ही पोहे खाऊन गेलो.

साहेब म्हणजे आमचे प्लांट हेड. ओरडत नाहीत. शिवी तर कधीच नाही. आवाज गोड, मराठी स्वच्छ. त्या दुपारी ते पाहुण्यांच्या शेजारी बसून नारिंगी रंगाचा कच्चा मासा काड्यांनी उचलत होते. एकदाही निसटला नाही. सराव असणार.

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही," ते सगळ्यांना सांगत होते. "पण बाहेर मी ग्लोबल. फूड इज कल्चर."

मग लाकडी वाट्यांतून सूप आलं. साहेबांनी पाहुण्यांसारखी वाटी दोन्ही हातांनी उचलली, ओठाला लावली. डोळे मिटले. "काय नाजूक चव आहे!" दुसरी वाटी मागवली. ती येईपर्यंत त्यांना गंमत सुचली. माझ्या बायकोकडे वळले.

"वहिनी, तुमच्या हातच्या सुकटीनं एकदा आमचं आख्खं कॅन्टीन पळालं होतं, माहितीये ना? मग मीच यांना म्हटलं, तुम्ही आपले बाहेर सायकल स्टँडजवळ बसत जा. बिचाऱ्यांनी लगेच ऐकलं हं."

बायकोला माहीत नव्हतं.

अकरा वर्षं मी तिला सांगितलं नव्हतं.

तेव्हा साहेब शिफ्ट इन्चार्ज होते. माझ्या डब्यात सुकट आणि भाकरी. लसूण-मिरची घालून परतलेली, वर कोथिंबीर. माझी आई करायची तशी, तिच्याकडून बायकोनं घेतलेली. वास येतो हे मलाही कळायचं. म्हणून झाकण मी एका बाजूनं बोटभर उघडायचो. घास काढायचा, झाकण लावायचं. घास काढायचा, झाकण लावायचं. आपलंच जेवण चोरल्यासारखं. तरी एक दिवस साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "लोकांना त्रास होतो. समजून घ्या."

शेजारच्या टेबलावर चिकन होतं. त्याच्या पलीकडे अंडाकरी. त्यांचा वास कुणाला आला नाही.

तीन दिवस सायकल स्टँडजवळ जेवलो. पत्र्याखाली, उकिडवा बसून. येणारे-जाणारे बघायचे, मी डब्यात बघायचो. चौथ्या दिवशी बायकोला म्हणालो, सुकट देत जाऊ नको, ॲसिडिटी होते.

तिला खरं वाटावं म्हणून तिच्यासमोर गोळ्या चघळायचो. गुलाबी. खडूसारख्या लागतात. काही झालं नसताना मी दीड वर्ष खडू खाल्ला.

आणि हाच मी आमच्या वस्तीत जयंतीला माइक हातात घेतो. दरवर्षी. स्वाभिमानावर बोलतो. पुढच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवतात. बायकोही वाजवते. माइकवरून उतरलो की सोमवारी बटाट्याची भाजी घेऊन कॅन्टीनमध्ये गपचूप.

टेबलावर बायकोनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मला तो टॉवेल आता खरंच तोंडात कोंबावासा वाटला.

मग तिनं समोरची सुपाची वाटी उचलली. नाकाजवळ नेली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. वाढायला मणिपूरची एक बाई होती, तिला हाक मारली.

"ताई, इसमें क्या डाला है?"

"सूखी मछली, मॅडम. छोटी छोटी. उसको उबालके पानी लेते हैं."

"वाटलंच," बायको म्हणाली. आमच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सुकी मासळी आहे. वास लपतोय होय?"

साहेबांची दुसरी वाटी अर्धी झाली होती. हात हवेतच राहिला. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं, त्यांनी हसून मान लववली आणि सूप भुरकलं. चांगलं मोठ्यानं.

कुणी पळालं नाही. कुणी उठून सायकल स्टँडला गेलं नाही.

तेव्हा मला कळलं. बावन्नाव्या वर्षी, पोटात पोहे आणि गार भात घेऊन कळलं. त्यांना वास मासळीचा आला नव्हता. आमचा आला होता. मासळी जपानची असली की नाजूक चव. माझ्या आईची असली की लोकांना त्रास. आणि मी अकरा वर्षं मासळीलाच दोष देत होतो. त्यांचं काम मी फुकटात करत होतो.

उभा राहिलो. खुर्ची मागे करकरली.

"साहेब, सोमवारी मी सुकटीचा डबा आणणार. कॅन्टीनमध्ये खाणार. आत. टेबलावर."

"अहो, बसा बसा. गंमत केली. आणि पाहुण्यांसमोर हा विषय नको."

"विषय तुम्ही काढलात. माझ्या बायकोसमोर."

"कंपनीची एक पॉलिसी असते."

"मग ती कागदावर द्या, साहेब. आजवर तोंडीच होती."

त्यांनी वाटी खाली ठेवली. टॉवेलनं ओठ पुसले. सावकाश, नीट. माणूस सभ्यच.

निवृत्तीला माझी सहा वर्षं राहिलीत. त्या सहा वर्षांतलं बरंच काही या माणसाच्या सहीवर आहे. हे मला उभं राहतानाही माहीत होतं. बसतानाही. पण बसलो तो वेगळा बसलो.

खाली पार्किंगमध्ये ज्याचं त्याचं मत. वेल्डिंगच्या पोरांना सुशी फार आवडली, ते फोटो काढत होते. अकाउंटच्या शाकाहारी मॅडमनी काकडी घातलेली सुशीच तेवढी खाल्ली होती, आणि सूप प्यायलं होतं, त्या कडेला चुळा भरत होत्या. बाळूभाऊ वडापावच्या गाडीकडे निघाला. जाता जाता खांद्यावर हात ठेवला.

"सुकट आमच्यात बी करत्यात, भावा. पर डब्यात न्हाई आनत आमी."

"का?"

तो थांबला. डोकं खाजवलं. "व्हय रं. का न्हाई आनत?"

स्कूटरवर बायको मागे बसली. रोज खांदा धरते. त्या दिवशी मागची दांडी धरली. निगडीपर्यंत सोडली नाही. घरी पोरीनं विचारलं, "पप्पा, किती स्टार?" तिच्या मोबाइलवर मी रिव्ह्यू लिहिला: "भात गार. मासा कच्चा. पण सुक्या मासळीचा वास इथं कुणी लपवत नाही. पाच तारे." पोरीनं शुद्धलेखन तपासलं. बायकोनं वाचलंही नाही.

रविवारी ती एकटीच पिंपरीच्या बाजारात जाऊन आली. पिशवी ओट्यावर ठेवली. मी म्हणालो, "चुकलो." आणि बोटभर उघडलेल्या झाकणापासून गुलाबी गोळ्यांपर्यंत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटत होतं माझ्या हाताची चव गेली." एवढंच. आणि लसूण सोलत बसली. मी तिच्याशेजारी बसून सोलू लागलो, तर तिनं माझ्यापुढचा लसूण ओढून घेतला.

सोमवारी पहिली शिफ्ट. पहाटे पाचला तव्यावर सुकट पडली. चरचर वाजली. वास घरभर, मग दारातून जिन्यात, वरच्या मजल्यापर्यंत. तिनं खिडकी उघडली नाही. भाकऱ्या दुमडल्या, डबा भरला, कड्या लावल्या. कपाटाच्या खणातून गुलाबी गोळ्यांची जुनी पट्टी काढली, कचऱ्याच्या डब्यात टाकली.

बसची वेळ झाली. मी चपला घालत होतो. डबा हातात देताना तिनं दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"ऐका. झाकण बोटभर उघडायचं नाही. पूर्ण काढायचं, आणि बाजूला ठेवायचं."