किसनअण्णांच्या हेलिकॉप्टरची शेपटी

किसनअण्णा खिशात पेन ठेवत नसत, दोऱ्याचं रीळ ठेवत. दिसेल ते मोजत. माझ्या लग्नात, भर मांडवात, त्यांनी माझ्या फेट्याला दोरा लावला आणि गंभीरपणे सांगितलं, "डोस्क्याच्या मानानं लई मोठा हाय." वऱ्हाड हसलं, माझी बायको अजून हसते.

ते बीदरच्या विमानतळावर मेकॅनिक होते. तिथं उतरलेल्या एका हेलिकॉप्टरला दोरा लावून त्यांनी त्याची दहापट लहान, रेडिओवर उडणारी प्रतिकृती बनवली होती. इंजिन आणि रेडिओ कुणा साहेबाच्या मोडक्या खेळण्यातले, बाकी सगळं हातचं. दारं उघडत, खुर्च्यांना पट्टेसुद्धा होते. "खऱ्याच्या मापाला केसभर फरक न्हाई," हे ते पाहुण्याला पाण्याआधी ऐकवत.

एका वर्षी बीदरजवळच्या आमच्या गावी, मेहकरला, जयंतीच्या दिवशी या हेलिकॉप्टरनं निळ्या झेंड्यावर फुलं टाकायचं ठरलं. मी गावचा माईकवाला. "आकाशातून पुष्पवृष्टी" असं गावभर पुकारून मोकळा झालो. अण्णांनी चाचणी घेतली होती ओंजळभर झेंडूवर. पण पुकारा ऐकून आदल्या दिवशी सकाळीच घराघरातून माणसं फुलं घेऊन आली. हेलिकॉप्टरखाली टांगलेली टोपली शिगोशीग भरली. रंगीत तालमीला हेलिकॉप्टर कमरेएवढं चढलं आणि भिंगरीसारखं स्वतःभोवती फिरायला लागलं. अण्णांनी ते कसंबसं खाली बसवलं. झेंड्यावर एक पाकळी नाही, सगळी वृष्टी माझ्यावर. मी माईकवरून आभार मानले.

अण्णा हसले नाहीत. "वजन उचलायला वरचा पंखा जोर लावतो, तसं धड उलटं फिराया बघतंय. त्याला शेपटीचा पंखा धरून ठेवतो. एवढ्या फुलांना ही शेपटी पुरायली न्हाई."

"मग दोन खेपा करा की, अण्णा."

"पयल्या खेपंत कुणाची फुलं, माईकवाले? दुसऱ्या खेपंत कुणाची? आपली आई-बापं जल्मभर मागच्या पंगतीत बसली." त्यांनी रीळ खिशात घातलं. "फुलं कमी करायची न्हाईत. शेपटी मोठी करायची."

दुपारभर लिंबाखाली बसून त्यांनी हलक्या लाकडाची दोन लांब पाती काचेनं तासली. सुईवर तोलली, जे पातं झुकलं, ते पुन्हा तासलं. पाती जमिनीला लागू नयेत म्हणून हेलिकॉप्टरचे पाय उंच केले.

"हरणाला म्हशीची शेपटी लावल्यावानी दिसायलंय," मी म्हणालो.

"दिसू दे," म्हणाले. केसभर फरकावरून भांडणारा हा माणूस!

दुसऱ्या दिवशी सोनामावशी सगळ्यांत उशिरा आली. पदरात दोन झेंडू, टोपलीत जागा नाही. अण्णांनी ते दाबून बसवले. हेलिकॉप्टर उठलं, शेपटी थरथरली, पण नाक झेंड्याकडेच राहिलं. फुलं पडली.

"किसना, माझं कंचं रं?" मावशीनं विचारलं.

"झेंड्याला अडकलंय बघ, ते."

तिच्यामागून तेच विचारायला आलेल्या प्रत्येकीला त्यांनी तेच फूल दाखवलं.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता गावच्या पोरांची नाटकं बसवतो; भूमिकांपेक्षा पोरं जास्त झाली की मी पोरं कमी करत नाही, प्रवेश वाढवतो. ही त्यांचीच देणगी. त्यांच्या लेकीनं दिलेलं ते हेलिकॉप्टर माझ्या कपाटावर असतं. एखादा जाणता पाहुणा निरखून म्हणतो, "बाकी झकास आहे, शेपटी तेवढी मापात नाही."

"न्हाईच," मी म्हणतो, आणि त्याला बसायला खुर्ची देतो.