चौथी छिन्नी

भालचंद्रकाकांची आणि माझी पहिली भेट नेमकी कशी झाली, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. मला आठवतं ते असं : मी मनोरहून एसटीने चिंचणीला आलो, मामांनी कागदावर लिहून दिलेल्या एका डाय-कारागिरांचं घर शोधत होतो आणि विचारत विचारत चुकून काकांच्या वाडीत शिरलो. शेडमध्ये चौघे जण डोळ्याला भिंग लावून पोलादी ठोकळ्यांवर वाकले होते. मी दारात घुटमळत होतो. काकांनी मान वर न करताच म्हटलं, "उजेड अडतो. आत येऊन बस." मी बसलो. आपण भलत्याच कारागिरांकडे आलो आहोत हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, पण तोवर काकींच्या हातचं तीन दिवस जेवलो होतो आणि उठून जायची लाज वाटली. काका म्हणतात, असं काही झालंच नाही, मामांनी आधीच निरोप धाडला होता. मामा आता नाहीत, त्यामुळे खरंखोटं करायला कुणी उरलेलं नाही. सत्तावीस वर्षं झाली, मी अजून त्या चुकीच्या पत्त्यावरच बसलो आहे.

काकांच्या अमृतमहोत्सवानिमित्त हा ग्रंथ निघतो आहे आणि समितीने मला विषय दिला आहे, 'ताणाच्या दिवसांत स्वतःला सांभाळण्याची काकांची शिकवण'. "तू त्यातून गेलास, तूच लिही," असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. त्यानंतर तीनदा लिहून फाडलं. काकांनी मला सांभाळलं हे सूर्याइतकं स्वच्छ आहे, पण कसं सांभाळलं ते मला अजून उमगलेलं नाही. आणि ते कळायची मला आज निकड आहे. गेल्या वर्षी काकी गेल्या. तेव्हापासून काकांनी शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. अगदी आत्ताआत्तापर्यंत दिवसभर ओटीवरच्या खुर्चीत बसून असत. ज्यांनी मला उभं केलं त्यांना उभं कसं करायचं, हे शोधण्यासाठीच मी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दागिन्यावरची नक्षी आधी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरावी लागते. तोच डाय. सोनार त्यावर पातळ पत्रा ठोकून नक्षी उठवतात. चिंचणी-तारापूरच्या कितीतरी घरांमागे असे कारखाने होते. बायका गळ्यात मोर मिरवतात, त्या मोराच्या डोळ्यासाठी आमच्यातल्या कुणाचे तरी डोळे गेलेले असतात. काकांच्या कारखान्यात मात्र ते जात नसत, कारण तिथे एक चमत्कारिक शिस्त होती. सकाळी अकरा वाजले की काकी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारायच्या, "आता डोळे काढा बाहेर!" मग आम्ही सगळ्यांनी भिंग उतरवून अंगणात यायचं आणि लांब बघायचं. नुसतं बघून काका सोडत नसत. शेजारच्या वाडीतल्या शेवटच्या माडावर नारळ किती, ते प्रत्येकाने मोजून सांगायचे. दुपारी चारला पुन्हा तेच.

शेजारचे हरीभाऊ एक दिवस कुंपणाशी येऊन उभे राहिले. "रोज चौघे चौघे मिळून माजे नारळ कशाला मोजता रे?"

काका शांतपणे म्हणाले, "तुजे नारळ नाय मोजत हरी, आमचे डोळे मोजतो."

हरीभाऊंचा विश्वास बसला नाही. त्याच आठवड्यात त्यांनी गडी लावून कोवळे-जून न बघता सगळे नारळ उतरवून घेतले. मग आम्ही झावळ्या मोजू लागलो.

आता माझ्याविषयी लिहिणं भाग आहे. आमच्या धंद्यात कॉम्प्युटरची मशीन आली आणि आम्हाला वीस दिवस लागणारं काम ती एका दुपारी करू लागली. निम्मे कारागीर छिन्नी ठेवून बोईसरच्या वाटेला लागले. मीही एका रसायनांच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात काकांकडे कोरत राहिलो. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेलो. झोप उडाली. जेवण समोर आलं की छाती धडधडायची. कुणी साधं "काय चाललंय?" विचारलं तरी मी अंगावर जायचो. हे सगळं मी घरी, कारखान्यात, सगळीकडे लपवलं, पण हात काही लपेना. मोराचा एक डाय पुरा होत आला होता. गळ्यावरचं शेवटचं काम राहिलं होतं. हात थरथरला, छिन्नी सटकली आणि मोराच्या मानेवर आडवा ओरखडा उठला. पोलादावरची चूक खोडता येत नाही. वीस दिवसांचं काम गेलं.

काकांनी डोळ्याला भिंग लावून तो ओरखडा कितीतरी वेळ पाहिला. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काका भिंग उतरवून म्हणाले, "चिकू उतरवायचे राहिलेत. चल, टोपली घे." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही चिकू उतरवले. मोराचं नाव निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्यापुढे धारेचा दगड ठेवला आणि तीन छिन्न्या दिल्या. "ह्यांना धार लाव, मग घरी जा." पाव तासाचं काम. ते झाल्यावर मी आपणहून चौथी उचलली, तर काकांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "ती उद्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच. तिसऱ्या दिवशीही तीन. चौथी रोज उद्यावर.

मी चिडलो. मला वाटलं, काकांनी मला कामावरून काढलं आहे, फक्त भिडेपोटी तोंडाने सांगत नाहीत. मी बायकोला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "काढलेल्या माणसाला कुणी रोज उद्या ये म्हणून सांगतं का?" त्यावर मी तिच्यावरही चिडलो. एके सकाळी दगडावर छिन्नी फिरवता फिरवता मला रडू फुटलं. चांगला चाळिशीला आलेला बाप्या मी, हुंदके देऊन रडलो. काका समोरच कानस चालवत होते. त्यांनी हात थांबवला नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "दगडाला पाणी घाल. सुका चालवू नको."

असे पाच-सहा आठवडे गेले. मग एक दिवस छिन्न्यांशेजारी कानातल्या फुलाचा छोटा डाय ठेवलेला दिसला. "एक पाकळी," काका म्हणाले. "एकच." मी एक कोरली. हात थरथरला नाही. वर पाहिलं तर काका दुसरीकडेच बघत होते.

आता माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. मी बरा झालो तो कशाने? तीन छिन्न्यांनी? माडावरच्या नारळांनी? पण त्याच काळात काका मला स्वतः बोईसरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, माझा नंबर येईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले होते, आणि त्या गोळ्याही मी नेमाने घेत होतो. मी रात्रपाळी सोडली तीही काका पाठीस लागले म्हणूनच. बायको म्हणते, ती माझा मोबाईल रात्री डब्यात घालून ठेवायची त्याचाही वाटा धरा. यात औषध कुठलं आणि अनुपान कुठलं, मला सांगता येत नाही.

काही वर्षांनी मी धीर करून काकांना विचारलं, "काका, तेव्हा मला रोज तीनच छिन्न्या का दिल्या?"

"धार लावायला कोण नव्हता तेवा," काका म्हणाले. "महादूचा गुडघा दुखत होता."

महादू म्हणजे आमच्यातला सर्वांत जुना कारागीर. मी त्याला गाठून विचारलं. त्या वर्षी त्याचा गुडघा खरोखरच दुखत होता! म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं उपचार समजत होतो ती नुसती कामाची सोय होती काय? मी जितका विचार करतो तितका गुंता वाढतो.

काकी गेल्यावर तर आणखीच. तेराव्यानंतर आम्ही पुन्हा कामाला बसलो, आणि अकरा कधी वाजले ते कुणालाच कळलं नाही. दीड वाजता महादू डोळे चोळत म्हणाला, "आज हाक नाय आली." तेव्हा लक्षात आलं की ज्याला आम्ही काकांची शिस्त म्हणत होतो तिचं घड्याळ काकींजवळ होतं. मग ही शिकवण काकांची की काकींची? समितीने दिलेल्या विषयात काकींचं नाव नाही. मी ते इथे घालतो आहे, संपादकांनी कृपा करून काढू नये.

तर काकांना उभं करायचं होतं. मी आधी शहाणपणा केला. पांढरं पुठ्ठ्याचं कार्ड घेतलं आणि माझ्या उत्तम अक्षरात वेळापत्रक लिहिलं : सहाला उठणे, समुद्रावर फिरणे, दीर्घ श्वास, फळ खाणे, अकराला लांब बघणे, दुपारी कमी झोपणे, अशी दहा कलमं. काकांनी ते हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं आणि म्हणाले, "अक्षर छान आलाय." आठवड्याने पाहिलं तर कार्ड चार घड्या होऊन हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली गेलं होतं. स्टूल हलायचं थांबलं होतं, एवढाच त्याचा उपयोग झाला. खुर्चीतून उठायची ज्यांना इच्छा नाही त्यांच्यापुढे मी दहा कलमं ठेवली होती. माझी मलाच लाज वाटली, आणि काका असेच संपून जातील अशी भीतीही वाटली.

मग एका सकाळी माझ्या हातून माझा धारेचा दगड पडून दुभंगला. खरं सांगायचं तर अर्ध्या दगडावरही धार लागते, आणि बोईसरला नवा मिळालाही असता. तरी मी तीन छिन्न्या उचलल्या आणि काकांच्या ओटीवर गेलो. मुद्दाम गेलो की सहज, हे तुम्ही मला विचारू नका. महादूच्या गुडघ्यासारखंच आहे ते.

काकांनी एक छिन्नी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. "ही कसली धार? भाजी चिरतोस काय हिच्यानं?" कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात राग ऐकला. मला इतका आनंद झाला की मी खाली बघत राहिलो. त्यांनी शेडमधला जुना दगड आणायला लावला, पाणी मागितलं, आणि तिन्ही छिन्न्यांना धार लावली. पूर्वीपेक्षा वेळ जास्त लागला. मधे दोनदा थांबले.

"आणखी हाय?" त्यांनी विचारलं.

चौथी माझ्या खिशात होती, फडक्यात गुंडाळलेली.

"ती उद्या," मी म्हटलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मोराच्या मानेवरचा ओरखडा पाहिला होता तसंच, सावकाश. त्यांना काही आठवलं की नाही, मला कळलं नाही. मग म्हणाले, "उद्या अकराच्या आत ये. मग ओटीवर ऊन येतो."

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मी रोज तीन नेतो. पंधरा दिवसांपूर्वी काकांनी दगड ओटीवरून उचलून शेडच्या उंबऱ्यावर नेला. तिथे उजेड बरा आहे, म्हणाले. आत मात्र आले नाहीत. काल मी, महादू आणि इतर दोघे डोळ्याला भिंग लावून बसलो होतो, काका उंबऱ्यावर तिसऱ्या छिन्नीवर होते, आणि मागून हाक आली, "आता डोळे काढा बाहेर!" शब्द काकींचे, आवाज काकांचा. त्यांनी ठरवून म्हटलं की नुसतंच तोंडातून गेलं, ते मी विचारलं नाही. आम्ही चौघे उठून अंगणात आलो. काकाही उठले. हरीभाऊंच्या शेवटच्या माडाकडे हात करून त्यांनी विचारलं, "किती?" चौघांची चार उत्तरं आली, कारण चौघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा समितीने माफ करावं. काकांची शिकवण काय, याचा मला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही इच्छा मी या ग्रंथात करतोच, पण आमच्या धंद्यातला माणूस नुसत्या इच्छेवर विसंबत नाही. काका, माझ्याकडे बोथट छिन्न्या पुष्कळ आहेत, आणि धार असलेल्या मी रोज बोथट करत राहीन. उद्या अकराच्या आत तीन घेऊन येतो. चौथी माझ्या खिशातच राहील; विचारलंत तर उद्याही हेच सांगेन, "ती उद्या."