सुईताईचे शुक्रवार

रक्त काढताना सगळे जण आपल्याला तोंड फिरवायला सांगतात. सुईताईचं उलटं. दंडाला पट्टा आवळला की ती म्हणायची, "बघा की इकडं. बघितलं की कमी दुखतं." अरबी बायकांनाही तेच, "शूफी, शूफी," आणि त्याही मुकाट्यानं बघायच्या. नळी भरली की "खलास" म्हणून कापूस दाबायची. बहरीनला अदलिया भागातल्या ज्या क्लिनिकमध्ये ती काम करायची तिथे येणाऱ्या मराठी माणसांनी तिचं नाव सुईताई पाडलं आणि तिलाही ते आवडलं. मी पक्की भित्री, पण तिच्यासमोर डोळे मिटायची माझी छाती झाली नाही. बहरीन सोडून मला तीन वर्षं झाली, तरी अजून रक्त द्यायची वेळ आली की मी सुईकडे बघते.

सनद नावाच्या उपनगरात आम्ही एकाच इमारतीत राहायचो, मी वर आणि ती खाली. माझंही ऑफिस अदलियात, म्हणून सकाळी मी तिच्याच गाडीतून जायची. कऱ्हाडची बाई, बोलणं रोखठोक आणि गाडी चालवणं त्याहून रोखठोक. ओळख होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा सिग्नलला थांबलो असताना तिनं सांगितलं की तिला एक मुलगी आहे, रेवा, आणि ती बहरीनमध्येच, रिफा गावात तिच्या आईबाबांकडे असते. मला काही उलगडेना. हिची मुलगी, मग तिचे आईबाबा कोण? "मी दिली त्यांना. दत्तक," ती म्हणाली आणि दिवा हिरवा झाल्यावर गाडी पुढे काढली.

बाकीचं पुढच्या आठवडाभरात तुकड्यातुकड्यानं कळलं. सहावा महिना चालू असताना नवरा अपघातात गेला. सासरच्यांनी हात वर केले, माहेरी भाऊ-भावजयीचं जेमतेम चालायचं, हिचं शिक्षण बारावी. बहरीनला नोकरी करणारं एक मूलबाळ नसलेलं जोडपं ओळखीतून पुढे आलं. हिनं त्यांना तीनदा घरी बोलावून स्थळ पारखावं तसं पारखलं आणि दोन अटी घातल्या. पोरीला पहिल्यापासून खरं सांगायचं, आणि भेट तोडायची नाही. मग तीन महिन्यांची रेवा त्या जोडप्यातल्या मीनलच्या ओटीत घातली आणि दत्तकपत्रावर सही केली. दूध आटायला आठ दिवस लागले, हेही तिनं त्याच आवाजात सांगितलं. पुढे तिनं लॅबचा कोर्स केला, गावात नोकरी केली, आणि रेवा पाच वर्षांची असताना मीनलनंच कळवलेल्या जागेवर बहरीनला आली. जवळ जाऊ नकोस, दूर राहिलीस तर विसरशील, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. तिनं कुणाचंच ऐकलं नाही.

हे कळल्यावर मी लगेच दयाळू झाले. डबे पाठवायला लागले, तिच्यासमोर मुलाबाळांचा विषय टाळायला लागले. चौथ्या डब्याला तिनं मला दारातच थांबवलं. "वैनी, आमटी झकास हाय, पाठवत जावा. पण मी बिचारी म्हणून नको." मी ओशाळले. डबे मात्र चालू ठेवले.

तिथल्या मराठी मंडळाच्या एका जेवणात एका बाईंनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "कसं गं मन झालं तुझं?" सुईताई तेव्हा वाढत होती. "मन झालंच न्हाई," ती म्हणाली. "विचार करून दिली." आणि त्या बाईंच्या पानात आणखी एक पुरी वाढून पुढे सरकली.

म्हणून तिला काही वाटत नव्हतं असं मात्र नाही. महिन्याचा पहिला शुक्रवार रेवाचा. सकाळी मीनलचा फोन आला की ही रिफाला जायची, दुपारी परतायची आणि संध्याकाळपर्यंत घरातले सगळे पडदे काढून धुवायची. दुखतंय का, असं विचारलं तर सरळ हो म्हणायची. "पस्तावा न्हाई, पण दुखतंय. या दोन येगळ्या गोष्टी हायत, वैनी. लोक एक करत्यात." मी तरी तोवर एकच करत होते.

बोलावल्याशिवाय जायचं नाही आणि बोलावल्यावर चुकवायचं नाही, हा तिचा नियम. रेवा अकरा वर्षांची असताना तापानं फणफणली आणि मीनल तिला त्याच क्लिनिकमध्ये घेऊन आली. सुईताईनं सुई बरोबर काम करणाऱ्या मुलीच्या हातात दिली आणि आपण बाहेर जाऊन उभी राहिली. तुमच्याइतका हलका हात दुसरा कुणाचा होता, असं मी म्हटलं. तर म्हणाली, तिची आई होती की बरोबर.

रेवा पंधरा वर्षांची झाली आणि एका शुक्रवारी फोन आला नाही. ज्या बाईनं मला टाकलं तिला मला भेटायचं नाही, असं रेवा म्हणत होती. मीनलनं हे रडत सांगितलं. तुम्ही या, मी समजावते तिला, असंही सांगितलं. ही गेली नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. प्रत्येक पहिल्या शुक्रवारी ती इस्त्रीचा ड्रेस घालून फोनजवळ बसायची आणि दुपारी कपडे बदलून पडदे धुवायला काढायची. मला ते बघवेना, म्हणून मी आगाऊपणा केला. रेवा अदलियातल्या कुठल्या कॅफेत मैत्रिणींबरोबर बसते ते मीनलकडून काढून घेतलं आणि कॉफीच्या निमित्तानं हिला तिथे नेलं. काचेतून रेवा दिसली. सुईताई दाराशी मिनिटभर उभी राहिली, तिला डोळे भरून पाहिलं आणि मागे फिरली. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "तिनं बोलवल्यालं न्हाई." पुढचे आठ दिवस मी ऑफिसला टॅक्सीनं गेले.

अठरा पूर्ण झाल्यावर रेवाला लायसन्स मिळालं आणि पुढच्या शिक्षणासाठी तिचं कॅनडाला जायचं ठरलं. निघायच्या आठवडाभर आधी ती एकटी गाडी चालवत सनदला आली. मी तेव्हा सुईताईच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. पोरगी सोफ्याच्या कडेला बसली, पाण्याला हात लावला नाही. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीच. तिनं इंग्रजीतच विचारलं, पुन्हा तीच वेळ आली तर मला पुन्हा देशील का?

मी ओट्याशी उभी राहून मनात म्हणत होते, ताई, आयुष्यात एकदाच खोटं बोला. नाही म्हणा. पोरगी चालली आहे, परत येईल न येईल.

"व्हय," सुईताई म्हणाली. "त्याच घरात, तशीच एकटी आसते, तर पुन्ना दिली आसती. मीनललाच दिली आसती. आन पुन्ना तशीच रडले आसते."

 रेवा शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "आई बोलली, तू खोटं नाही सांगणार. म्हणून मी आले." आणि तिला रडू फुटलं. सुईताई उठून तिच्या शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. मलाही आवरेना, चहा उतू गेला तो गेलाच. भरपूर रडून झाल्यावर रेवा दोनदा मागून वरणभात जेवली, सोफ्यावर जरा आडवी झाली आणि तिला तिथेच गाढ झोप लागली.

आता आपलं काम नाही, असं समजून मी चपला घातल्या. तीन महिन्यांची दिली त्यानंतर सुईताईनं रेवाला झोपलेली कधी पाहिली नव्हती. सगळ्या भेटी जागेपणीच्या, नीट कपडे करून, पाहुण्यासारख्या बसून झालेल्या. ती सोफ्यासमोर जमिनीवर बसली होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानाशी कुजबुजली, "तोंड उघडं टाकून झोपतीया, वैनी. मला म्हाईतच नव्हतं."