अभ्यासिकेचे तीन खड्डे

पायाच्या खोदाईत नऊ फुटांपर्यंत काळी मातीच निघाली, त्या दिवशी मी साइटवर नव्हते. मंगरूळपीरला ठेकेदाराच्या ऑफिसात बिलं करत बसले होते. मोबाइलवर खड्ड्याचा फोटो आला. साबणाची वडी कापावी तशी चकचकीत कापलेली माती, आणि तळाशीही तीच. फोटोखाली ठेकेदाराचा निरोप होता : "जादा बाब तयार कर."

हे काम माझंच. डिप्लोमा झाल्यापासून मी त्यांच्याकडे बिलिंग बघते. सरकारी बांधकामाच्या करारात प्रत्येक कामाचा दर आधी ठरलेला असतो. पण जमीन करार वाचत नाही. मध्येच काही बदलतं, करारात नसलेलं काम करावं लागतं, आणि त्याला जादा बाब म्हणतात. तिचा दर कुठे तयार मिळत नाही, तो बांधावा लागतो. सामान किती, यंत्र किती, गाडीभाडं किती, मजुरी किती, आणि सगळ्यावर ठेकेदाराचा नफा. असं सगळं सुटं करून मांडलं की साहेब तपासतात, खोडतात, सही करतात.

नोकरीच्या सुरुवातीला मला हे काम आवडलं होतं. माझे बाबा शेतमजुरी करतात आणि जयंतीला, परिषदेला, मोर्चाला सतरंजी टाकून पुस्तिका विकतात. मी अक्षरं त्या पुस्तिकांवर शिकले. पातळ पिवळा कागद, गंजलेल्या पिना, बोटाला लागणारी शाई. शाळेच्या पुस्तकात आमची माणसं नव्हती. त्या पुस्तिकांत होती, आणि भांडत होती. पुढे मीही लिहू लागले. माझी पहिली पुस्तिका वेठीवर होती. आमच्या आजे-पणज्यांना गावकीची कामं फुकट करावी लागत, त्यावर. शेवटच्या पानावर मोठ्या टायपात मी लिहिलं होतं की यापुढे आमच्या हातांचा घाम बिनदराचा नाही. तेव्हा मला अशी वाक्यं सुचायची. म्हणून दराच्या कागदावर 'मजुरी' अशी वेगळी ओळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा बरं वाटलं. एका ओळीत का होईना, राबणारा माणूस दिसत होता.

फोटोतला खड्डा माझ्या मावशीच्या गावातला होता. बौद्ध वस्तीत सभागृह आणि त्याला लागून मुलींची अभ्यासिका, असं ते काम. सभागृह आराखड्यात आधीपासून होतं. अभ्यासिका मावशीने आणि विहारात बसणाऱ्या बायांनी हट्टाने घालून घेतली होती, पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवून. मावशीची मुलगी तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही, शिलाई मशीन आणि दोन बकऱ्या. ती पाण्याच्या टाकीखाली सावलीला बसून वाचते, आणि सावली सरकली की तीही सरकते. सभागृहात लग्नं होणार, बारशी होणार, सभा होणार. मुलींसाठी दाराला आतून कडी असलेली वेगळी जागा पाहिजे, असं मावशीचं म्हणणं होतं. ठेका माझ्याच ठेकेदाराला लागला तेव्हा तिने वस्तीभर सांगितलं, "बांधकाम माही भाची करून राह्यली."

अंदाजपत्रकात पाच फुटांवर कडक मुरूम लिहिला होता. तपासणीचा खड्डा घेतलाही होता, पण रस्त्याच्या कडेला, जिथे गाडी सावलीत थांबते तिथे. रस्ता झाला तेव्हा कधीतरी तिथे मुरूम टाकलेला होता. तोच खोऱ्याला लागला आणि तोच कागदावर गेला. गाव पांढरीवर, म्हणजे उंच, घट्ट जागी आहे. वस्तीला जागा मिळाली ती खालच्या अंगाला, काळीत. उन्हाळ्यात तिथल्या भिंती तडकतात आणि पावसाळ्यात दारं लागत नाहीत.

दोन दिवसांनी शाखा अभियंता साइटवर आले. मी वाढीचा अंदाज काढून नेला होता. त्यांनी आकडा पाहिला आणि कागद परत दिला.

"मंजूर रकमेच्या वर काही मिळणार नाही, मॅडम. जेवढी वाढ, तेवढीच बचत दाखवा. तक्ता जुळला पाहिजे."

"बचत कशात दाखवू?"

त्यांनी आराखडा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि पेनाच्या टोपणाने अभ्यासिकेवर टिचकी मारली. "हे सुटं निघतं."

खरंच सुटं निघत होतं. फरशी, खिडक्या, रंग यातून थोडं थोडं काढलं असतं तर सभागृहच अर्धवट राहिलं असतं. अभ्यासिका काढली की तिच्या भिंती, तिचा स्लॅब आणि तिच्या पायाची वाढ, सगळं एकदम वाचत होतं. कागदावर याहून सोपं काही नव्हतं.

मी म्हणाले, "तपासणीचा खड्डा चुकीच्या जागी घेतला. त्याची किंमत वस्तीने का द्यायची?"

ते चिडले नाहीत. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "लिहून द्या."

मी लिहून दिलं. त्याला आवक क्रमांक मिळाला.

मावशी मागे उभी राहून सगळं ऐकत होती. ती पुढे आली. "सायेब, पोरीयची जागा काहून काढून राह्यले?"

"खोदाई वाढली, बाई. पाया खाली गेला."

"खोदाईच ना?"

"हो. म्हणजे तिथूनच सुरू होतं सगळं."

मावशी तेवढंच घेऊन घरी गेली.

आमच्यात एक रीत आहे. विहार बांधला तेव्हा घरटी एक माणूस कामाला आला होता. जिथे कमी पडेल तिथे वस्ती हात देते. त्याला कुणी मोठं नाव देत नाही. रविवारी सकाळी मावशीचा फोन आला, "ये व, मोजाले ये." मी जीपने गेले. अभ्यासिकेच्या तिन्ही खांबांचे खड्डे वस्तीने घेतले होते. सब्बल, टिकाव, घमेली, विहिरीवरचा दोर, सगळं घरोघरचं. यातलं अर्धं काम शनिवारीच झालं होतं. काठावर काळ्या मातीचे ढीग होते आणि त्यावर लहान पोरं घसरत होती.

एका आजोबांनी खड्ड्यातून डोकं वर काढलं. "इंजिनेर बाई आली. नीट मोज बरं. कमी भरलं तं तुह्या मावश्याले इथंच गाडून लेवल करू."

"मले कायले?" मावसा म्हणाले. "मी तं सकायपासून पानी पाजून राह्यलो."

"म्हनून तं तुले. दुसरा कोन रिकामा हाये?"

बाया हसल्या. मीही हसले असेन. मावशी दोराला धरून वर आली. कोपरापर्यंत माती. मुठीत तांबूस मुरमाचा खडा होता, तो तिने माझ्या हातावर ठेवला.

"लागला मुरूम. आता तुह्या सायबाले सांग, खोदाई फिटली. पोरीयची जागा राहू दे म्हना."

मी त्या खड्याकडे पाहत राहिले. खोदाई हा त्या वाढीतला सगळ्यात लहान भाग होता. यंत्र तेवढं एका सकाळीत खणतं. पैसे जातात ते खड्ड्यात जे घालावं लागतं त्याला. काँक्रीट, लोखंड, आणि जोत्यापर्यंत भरायला लांबून आणलेला मुरूम. मी तिला तिथेच सांगितलं. सांगताना माझा आवाज ऑफिसात असतो तसाच निघाला.

"मावशी, खर्च सिमेंट-लोखंडाचा हाये. खोदाईचे पैसे लय कमी असतात."

"मंग सायेब खोदाई काहून म्हने?"

खड्ड्यातले लोक काम थांबवून वर पाहत होते. मावशीने हात धुतले, पदराला पुसले. "बरं. तू कागद तं कर. आमचं खनलेलं त्यात लाव. थोडं तं कमी होईन."

सोमवारी मी दर बांधायला बसले. खोदाईच्या दराच्या फोडीत मजुरीच्या ओळीवर येऊन थांबले. ठेकेदार समोर चहा पीत होते.

"भाऊ, इथं काय लावू?"

"पुरी मजुरी लाव. खोदाई झाली ना? मापात घ्याची."

"आपल्या मजुरांनी नाई केली."

"मातीले काय मालूम कोनं खोदलं?"

"मले मालूम हाये."

त्यांनी कप खाली ठेवला. "मंग शून्य लाव. तुह्याच लोकायचा फायदा. मायं काय जाते?" ते वाईट माणूस नाहीत. ठेका त्यांनी अंदाजापेक्षा खाली जाऊन घेतला होता, आणि जादा बाबीचे दरही तितकेच खाली येतात. त्यांनाही कुठूनतरी काढायचंच होतं.

पुरी मजुरी लावली तर वस्तीच्या घामाचे पैसे त्यांच्या खात्यात जाणार होते. शून्य लावलं तर मीच माझ्या हाताने लिहिणार होते की ही माणसं फुकट राबली. माझ्याच पुस्तिकेतलं शेवटचं पान आठवलं. आठवलं, आणि काही झालं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपला आहे हे फक्त हात लावून कळतं, तसं.

मी तिसरंच केलं. मजुरीच्या ओळीत सरकारी दराने पुरी मजुरी मांडली आणि तिच्याखाली नवी ओळ घातली : 'वजा : वस्तीचे श्रमदान'. तेवढीच रक्कम. बेरजेत फरक नव्हता. फक्त काम कुणाचं होतं आणि त्याचं मोल किती होतं, ते कागदावर राहिलं असतं.

शाखा अभियंत्यांनी चष्मा वर केला. "नमुन्यात ही ओळ नाही, मॅडम." दोन्ही ओळींवर त्यांनी एकच रेघ मारली आणि बाजूला शून्य लिहिलं. मग उरलेला तक्ता पाहिला. तो तरीही जुळत नव्हता. खूपच कमी पडत होता. त्यांनी अभ्यासिकेच्या सगळ्या बाबी बचतीच्या बाजूला घेतल्या, तेव्हा जुळला.

परत येताना जीपमध्ये मी खिडकीशी बसले होते. वाटलं होतं राग येईल. घरी बाबांनी विचारलं, "यावर लिहिनार ना?" मी हो म्हणाले. कागद घेतला. खालच्या अंगाची जमीन, असं पहिलं वाक्य सुरू केलं आणि ठेवून दिलं. ते अजून तिथेच आहे.

सभागृहाचं जोतं वर आलं, तरी अभ्यासिकेचे तीन खड्डे उघडेच होते. गुरं पडतील, पोरं पडतील, पावसाआधी बुजवा, असा तोंडी आदेश आला. आणि बुजवण्याला मात्र दर होता, छापील, तयार. खोदलेली माती थराथराने भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घेणे. वस्तीने खणलं त्याचं शून्य आणि तेच बुजवलं तर ठेकेदाराला बिल.

"जेसीबी पाठवतो उद्या. घंटाभराचं काम हाये," ठेकेदार म्हणाले.

"हातानं करा, भाऊ. मजुरीनं. वस्तीतल्या बायायकडून."

"पेटली का आमची नेता?"

"हो," मी म्हणाले.

मी पेटलेली दिसत नसेन. "दर तेवढाच भेटते," ते म्हणाले. "कर तुले करायचं तसं."

बाया आल्या. ज्यांनी खणलं होतं त्याच. या वेळी कुणी फारसं बोलत नव्हतं. संध्याकाळी मी मजुरी हातात दिली तेव्हा मावशीने नोटा घडी करून कमरेच्या बटव्यात घातल्या. "खनलं तवा फुकट, बुजवलं तवा पैसे," ती म्हणाली. "अजब कारखाना हाये व तुहा."

पण त्याआधी, दुपारी, एक गोष्ट झाली. मावशीची मुलगी धुमस घेऊन खड्ड्यात उतरली होती. लाकडी दांड्याचं ते जड लोखंड दोन्ही हातांनी उचलायचं आणि सोडायचं. तिच्याच अभ्यासिकेचा खड्डा ती ठोकून बुजवत होती. दोन थर झाल्यावर ती थांबली.

"ताई, एक विचारू? हे इतकं पक्कं ठोकलं तं पुढच्या वेळेस खनाले तरास होईन ना?"

"पुढच्या वेळेस?"

"माय परत अर्ज करून राह्यली. मुरूम कुठं हाये हे तं आता मालूम झालं." तिने घाम पुसला. "ढिलं भरू का?"

मी वर उभी होते. थराथराने ठोकण्याचं करारातलं वाक्य मला पाठ होतं. मी सभागृहाच्या नव्या जोत्याकडे पाहिलं. काळ्या मातीत पाणी मुरलं की पाया हलतो.

"सभागृहाजवळचा खड्डा पक्का ठोक," मी म्हणाले. "पानी जाऊ नये त्यात. ते दोन राहू दे. नुसती माती लोट, वर उंचवटा कर."

तिने धुमस वर माझ्याकडे दिलं. मी ते घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं.

बिल करताना मी दोन खड्ड्यांच्या भरावाच्या दरातून पाणी आणि धुमसाचा भाग काढला आणि वजा दाखवला. ठेकेदारांनी बोट ठेवलं. "हे कायचं कापलं?"

"ठोकून घेतलं नाई."

"कोन पाह्यते, बाई?"

मी कागद तसाच पुढे सरकवला. त्यांनी मान हलवली आणि सही केली. साहेबांकडेही कागद गेला. मी त्यांच्या पेनाकडे पाहत बसले. त्या ओळीवर ते आले, थांबले आणि पुढे गेले. न झालेलं काम वजा करायला नमुन्यात रकाना आहे.