दुसऱ्या रायफलीची नळी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या हातून नेमबाजी संघाची रायफल मोडली. छऱ्याची रायफल, परवाना न लागणारी. पण संघात चालू अशी ती एकच होती. सरावासाठी संघाच्या सरांनी ती माझ्यावर विश्वास ठेवून घरी नेऊ दिली होती. कसबा बावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला गेले आणि सायकलसकट चरीत पडले. मला थोडं खरचटलं. रायफलीची नळी मात्र वाकली. स्पर्धा चार दिवसांवर आली होती.

सर पूर्वी सैन्यात होते. चिडले की अख्ख्या मैदानाला ऐकू जायचं. त्या दिवशी ते ओरडले नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी कपाटातून दुसरी, जुनी रायफल काढली. तिचा दस्ता फुटलेला, पण नळी धड होती.

"हिची नळी तिला बसती का बघून ये उद्यमनगरात, लेथच्या दुकानांत," ते म्हणाले. "न्हाय बसली तर संघाचं नाव मागं घेऊ."

सोबत त्यांनी कॉलेजचं पत्र दिलं. दोन्ही रायफली पोत्यात गुंडाळून मी निघाले. दोन लेथवाल्यांनी नुसतं बघूनच हात जोडले. तिसरं दुकान एका वयस्क चाचांचं होतं. ऑइल इंजिनचे बुश, म्हणजे भोकात बसणारी धातूची नळकांडी, कातण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनीही मान हलवली.

"बंदुकीचं काम आम्ही न्हाय करत, ताई."

"छऱ्याची हाय, चाचा. हे कॉलेजचं पत्र बघा की."

पत्र त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग वाकडी नळी काढून तिच्या जागी जुन्या रायफलीची बसवून पाहिली. अशा रायफलीची नळी बिजागरीसारखी एका बोल्टवर वाकते आणि छरा भरून झाला की पुन्हा सरळ होते. पण दोन्ही रायफली वेगवेगळ्या बनावटीच्या. जुनीची नळी खाचेत सैल पडली, बोल्टचं भोकही मोठं निघालं. बोटानं हलवली तरी खुळखुळत होती.

"मग व्हणार न्हाय?" मी विचारलं.

"व्हईल की. पर असला पार्ट बाजारात न्हाय मिळायचा. करावा लागंल."

भंगारातला गनमेटलचा एक बुश त्यांनी लेथला लावला. भोकासाठी पातळ नळकांडं कातलं, दोन्ही बाजूंना दोन वॉशर केले. सगळं बसवलं, तर नळी वाकेचना. मग चाचांनी वॉशर काढायचे, काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासायचे, परत बसवायचे. किती वेळा ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी नळी अलगद खाली आली, आणि मिटताना टक् असा एकच आवाज झाला. त्यांनी ती हलवून पाहिली. जराही हलली नाही.

"आता मार सरळ हाय का न्हाय, ते तुमी बघा."

शेजारच्या फाउंड्रीच्या आवारात वाळूचा मोठा ढीग होता. मालकाला विचारून चाचांनी तिथं वर्तुळ काढलेला कागद टाचला, कामगारांना चहाला पाठवलं आणि स्वतः फाटकाशी उभे राहिले. मी पाच छरे मारले आणि धावत जाऊन बघितलं. पाचही वर्तुळाच्या डावीकडं, पण एका बोटाखाली झाकतील इतके जवळ. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

चाचा मागून आले. कागद बघून त्यांचा चेहरा पडला. "मधी एकबी न्हाय की."

"एकाच जागी लागलेत, चाचा. म्हणजे नळी पक्की बसली. नेम डावा-उजवा ह्या स्क्रूनं सरकवता येतोय."

मी स्क्रू फिरवला आणि पुन्हा नेम धरला. या वेळी छरा मध्यभागी लागला. तेव्हा कुठं चाचा हसले आणि शेजारी वाळूवरच बसले.

सरांनी रायफल हातात घेतली, नळी दोनदा वाकवली, अंगठ्यानं दाबून बघितली. "कुणी केलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते कौतुकानं मान डोलावत राहिले. मग म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये सरावाला."

घरी गेले आणि आईला म्हटलं, "वाढ, लई भूक लागलीय." अपघातानंतर पहिल्यांदाच मी पोटभर जेवले.