बाबांची गादी टपावर बांधून मोरा बंदराला

सहलीला निघताना लोक गाडीच्या टपावर सामान बांधतात, मी बाबांची गादी बांधली. त्यांना जाऊन महिना झाला होता. हॉस्पिटलमधून त्यांना थेट स्मशानात नेलं, त्यामुळे अंथरूण घरीच राहिलं. गेलेल्या माणसाची गादी घरात ठेवत नाहीत, म्हणून आई त्या खोलीत पाऊलही टाकेना. हॉलमध्ये खुर्चीतच डोळा लागला तर लागला. “आज ती गेलीच पाहिजे,” रविवारी सकाळी तिने फर्मान काढलं.

गेली पाहिजे, पण कुठे? आमच्या नवीन पनवेलची घंटागाडी ओला घेते, सुका घेते, गादी घेत नाही. भंगारवाल्याला लोखंड हवं. स्मशानातला माणूस म्हणाला, “त्याच दिवशी आणायची ना, ताई.” वॉचमनचा सल्ला, “पुलाखाली ठेवून या, सगळेच ठेवतात.” मला त्याचा रागच आला.

मग उरणच्या रस्त्याला लागले. तुम्हीही रविवारीच जा, कंटेनरचे ट्रेलर जरा कमी असतात. तरी गव्हाण फाट्यानंतर दोन्हीकडे ट्रेलर, मध्ये मी आणि टपावर फडफडणारं दोरीचं टोक. लक्ष रस्त्याकडे कमी, कडेच्या रिकाम्या जागांकडे जास्त. इथे? नको. पुढे? तिथे माणसं आहेत.

जासईला गोदामांच्या मागे जागा सापडली. फाटके सोफे, टायर, फुटका कमोड, उन्हात पडलेल्या तीन गाद्या. मी दोरीची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. तेवढ्यात टपरीतून एक बाई ओरडली, “ओ बाय, इथं नका टाकू! आमी रातो ना इथं!” मी गाठ पुन्हा आवळली. तिच्याच टपरीवर कटिंग आणि वडापाव घेतला. वडा गरम, चटणी जहाल. आवर्जून थांबा, पण टाकायला काही घेऊन नको.

परत फिरायची हिंमत नव्हती, म्हणून रस्ता संपेपर्यंत गेले. मोरा बंदर. ओहोटीमुळे मुंबईची बोट बंद होती. बोटीने जायचं असेल तर भरतीची वेळ आधी विचारा. धक्क्याजवळ एक म्हातारे कोळी सिमेंटवर पुठ्ठा टाकून जाळं शिवत बसले होते. त्यांनी टपाकडे बघितलं.

“गादी इकायची हाय काय?”

“नाही काका, टाकायचीय.”

“कापसाची दिसते. टाकतेस कशाला? दे मना.”

पटकन देऊन मोकळी झाले असते. पण तोंडातून निघूनच गेलं, “माझ्या वडिलांची आहे. ते गेले.”

त्यांची सुई थांबली नाही. “हे जालं पन माज्या बापाचंच हाय. तो कवाच गेला.”

दोघांनी मिळून गादी उतरवली. ते तिच्यावर बसले, जरा सरकले आणि जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट गाडीत बसल्यावर दोनदा उतरून त्यांना बघून आले.

घरी आई दारातच उभी. “टाकलीस?” मी सगळं सांगितलं. वाटलं, आता चिडणार. गेलेल्याची गादी कोणी जित्याजागत्या माणसाला देतं का?

“उघडीच दिलीस?” ती म्हणाली. “मळेल ना त्यांची.”

आणि तडक बाबांच्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मी हॉलमध्ये तशीच उभी. ती बाहेर आली तेव्हा काखेत धुतलेली खोळ होती, आणि ती चपला शोधत होती.